नाचणारा रॅपर : एम. सी. हॅमर

मित्रहो, नमस्कार.

एम. सी. हॅमर, म्हणजे १९९० च्या सुमारास जगभर गाजलेला अमेरिकन रॅपर. हे नाव कुठेही निघालं की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक त्याची ती घोळदार पँट आणि दुसरं त्याचं दिवाळं. पैसे कसे जपावेत हे शिकवणाऱ्यांनी तर त्याला कायमचा दाखला करून टाकलंय : कोट्यवधी डॉलर कमावले आणि उडवले. आज मला त्याच्याविषयी बोलायचंय ते नर्तक म्हणून. आधी नाच, मग बेसबॉलचं मैदान, मग आरमार, मग चर्च आणि त्यानंतर कधीतरी रॅप, असा त्याचा प्रवास आहे. हा क्रम लक्षात घेतला नाही तर त्याचं यश कळत नाही, त्याच्यावर तुटून पडलेले लोक कळत नाहीत आणि त्याचं दिवाळंही नीट कळत नाही.

सुरुवात ओकलंडपासून करू. कॅलिफोर्नियात सान फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पलीकडे हे बंदराचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या गोद्यांमध्ये काम मिळतं म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आली. युद्ध संपलं, गोद्यांतली कामं आटली, माणसं मात्र तिथेच राहिली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली याच शहरात जन्मला. आणि त्याच दशकात इथल्या तरुणांनी एक नाच घडवला, बुगालू. शरीराचा एकेक भाग वेगळा हलवायचा, मध्येच गोठायचं, पुन्हा सुटायचं. न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉपचं नावही नव्हतं तेव्हा ओकलंडच्या शाळांतल्या स्पर्धांमधून ही पोरं असं नाचत होती. हा इतिहास फार कमी सांगितला जातो, कारण हिप-हॉपचा सगळा इतिहास न्यूयॉर्कच्या बाजूने लिहिला गेला.

या ओकलंडच्या पूर्व भागात ३० मार्च १९६२ रोजी स्टॅन्ली कर्क बरेल जन्मला. मोठं कुटुंब, पैशांची ओढाताण. घरापासून जवळ शहराचं मोठं स्टेडियम होतं, ओकलंड कोलिझियम. तिथे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा बेसबॉलचा संघ खेळायचा. साधासुधा संघ नव्हे, १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन वर्षं तो वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद, जिंकला. मुलं सामन्याच्या दिवशी पार्किंगमध्ये जमायची आणि तिथे हा स्टॅन्ली नाचायचा. नाचत गाणाऱ्या जेम्स ब्राउनसारखा. पाय फाकवून जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता त्याच झटक्यात उभं राहायचं.

संघाचा मालक चार्ल्स फिनली याने १९७३ च्या सुमारास ते पाहिलं आणि अकरा वर्षांच्या या पोराला आत नेलं. फिनली विम्याच्या धंद्यातून श्रीमंत झालेला, विक्षिप्त आणि चिकट म्हणून गाजलेला माणूस. तो राहायचा शिकागोकडे, संघ खेळायचा ओकलंडला. मग या पोराने करायचं काय, तर सामना चालू असताना फोनवर मालकाला चेंडूगणिक धावतं वर्णन ऐकवायचं. मालकाचा कान म्हणून खेळाडू त्याला जरा टरकूनच असायचे. फिनलीने त्याला कौतुकाने 'एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट' अशी पदवी दिली आणि टोपीवर तशी अक्षरंही लावून दिली. 'हॅमर' हे नावही याच ड्रेसिंग रूममधलं. हँक अ‍ॅरन या महान फलंदाजाला लोक 'हॅमर' म्हणायचे. बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम अ‍ॅरन मोडणार, ही त्या वर्षीची सगळ्यात मोठी चर्चा होती, आणि एप्रिल १९७४ मध्ये त्याने तो मोडलाही. हे पोर चेहऱ्याने हुबेहूब अ‍ॅरनसारखं दिसतं, असं संघाचा तारा रेजी जॅक्सन म्हणाला आणि नाव चिकटलं.

मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते असं. हजारो लोक गाड्या लावून घाईघाईने आत चाललेत, आणि त्यांना थांबवायचंय. हातात माइक नाही, मागे वाद्यं नाहीत, आहे फक्त शरीर. जाणाऱ्या माणसाला थांबवायची ही विद्या हॅमर अकराव्या वर्षी शिकत होता. पुढे स्टेडियमं भरवून जे केलं ते तेच.

मधली वर्षं भरभर सांगतो. मॅक्लिमंड्स हायस्कूल, मग बेसबॉलपटू व्हायचा प्रयत्न, तो फसला. मग अमेरिकन आरमारात तीन वर्षं. आरमारातून सुटल्यावर चर्च आणि 'होली घोस्ट बॉइज' नावाचा धार्मिक रॅपचा छोटा गट. ही श्रद्धा वरवरची नव्हती, पुढे तो रीतसर धर्मोपदेशक झाला.

स्वतःची कंपनी काढायला पैसा आला तो पुन्हा बेसबॉलमधून. माइक डेव्हिस आणि ड्वेन मर्फी या अ‍ॅथलेटिक्सच्या दोन खेळाडूंनी त्याला प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. त्याने 'बस्ट इट' नावाची कंपनी काढली, स्वतः रेकॉर्ड छापल्या आणि गाडीच्या डिकीत टाकून दुकानोदुकानी, क्लबोक्लबी विकत फिरला. १९८७ च्या पहिल्या अल्बमच्या अशा सुमारे ६० हजार प्रती खपल्या. मग मोठी कंपनी दारात आली, कॅपिटॉल रेकॉर्ड्‌स. १९८८ चा 'लेट्स गेट इट स्टार्टेड' २० लाखांवर गेला. आणि फेब्रुवारी १९९० मध्ये आला 'प्लीज हॅमर डोंट हर्ट एम'.

या अल्बममधलं 'यू कान्ट टच धिस' हे गाणं तुमच्यापैकी ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांनीही कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. या गाण्याशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

पहिली गोष्ट वेग. त्या काळचा न्यूयॉर्कचा रॅप साधारणपणे मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास चालायचा. शब्द नीट ऐकू यावेत, यमकाला जागा मिळावी यासाठी तो वेग बरा. हॅमरचं हे गाणं मिनिटाला साधारण १३३ ठोक्यांचं आहे. या गतीवर भरगच्च ओळी म्हणत, शिवाय उड्या मारत राहिलं तर दम टिकत नाही. म्हणून त्याच्या ओळी छोट्या आहेत, सोप्या आहेत, ओळीच्या शेवटी श्वासाला मोकळी जागा आहे. टीकाकार याला कच्चेपणा म्हणाले. मला त्यात नाचणाऱ्याचा हिशेब दिसतो. पायांना किती द्यायचं आणि तोंडाला किती, याची ती वाटणी आहे.

दुसरी गोष्ट थांबे. हे गाणं मधूनमधून थांबतं. तो 'थांबा' म्हणतो, आपलं नाव घेतो, आणि मग शब्द गप्प होतात. उरतो ठेका आणि पाय. आपल्याकडे लावणीत ओळ गाऊन झाली की ढोलकी पुढे येते आणि पुढची काही आवर्तनं पावलांची असतात, तसंच हे. ती मोकळी जागा वाटते, पण गाण्याचा जीव तिथेच असतो.

आणि इथे मला थोडं मागे, न्यूयॉर्कला जायचंय. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यातला गायक थांबतो आणि फक्त ड्रम-बास उरतो त्या तुकड्यावर पोरं सगळ्यात जास्त पेटतात. त्या तुकड्याला म्हणतात ब्रेक. तो असतो जेमतेम काही सेकंदांचा. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो ब्रेक लांबवत न्यायचा. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय, ब्रेक बॉय. माइकवर बोलणारा माणूस तेव्हा नाचणाऱ्यांना चेतवायला असायचा. पुढे तोच मोठा झाला, कारण रेकॉर्डवर आवाज छापता येतो, नाच छापता येत नाही. हिप-हॉप नाचातून निघालं आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या हाती गेल्यावर शब्दांचं झालं. हॅमरने टीव्हीच्या जमान्यात नाच पुन्हा पुढच्या रांगेत आणून बसवला. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे तो यासाठी.

आता त्या पँटबद्दल. कमरेला चुण्या, मांड्यांना घोळ, घोट्याला घट्ट, आणि दोन पायांमधली शिवण पार गुडघ्यापर्यंत उतरलेली. लोक हसतात. पण त्याचं पायकाम पाहा : पावलं अगदी बारीक, जलद, आडवी सरकत जाणारी. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ही बारीक हालचाल दिसणार कशी? घोळदार कापड प्रत्येक हालचाल मोठी करून दाखवतं आणि पाय थांबल्यावरही क्षणभर हलत राहतं. नाचणाऱ्याने नाचासाठी निवडलेला तो पोशाख आहे.

आकडे सांगतो, कारण ते खरोखर थक्क करणारे आहेत. अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या यादीत २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. अमेरिकेत १ कोटी प्रतींचा टप्पा ओलांडून 'डायमंड' प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला रॅप अल्बम. हा अल्बम अतिशय कमी खर्चात, बराचसा दौऱ्यावरच्या बसमध्ये लावलेल्या यंत्रांवर तयार झालेला. आणि गंमत पाहा, 'यू कान्ट टच धिस' एकेरी गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकाच्या वर गेलंच नाही. कारण कंपनीने ते सुटं गाणं फक्त मोठ्या बारा इंची तबकडीवर काढलं. ज्याला गाणं हवं त्याने अख्खा अल्बम घ्यावा. लोकांनी घेतला.

१९९१ च्या ग्रॅमी समारंभात त्याला तीन पुरस्कार मिळाले. त्यातला एक, सर्वोत्तम आर अँड बी गीताचा, मला फार बोलका वाटतो. 'यू कान्ट टच धिस'चा तो न विसरता येणारा बास रिक जेम्स या फंक गायकाच्या १९८१ च्या 'सुपर फ्रीक'मधून उचललेला आहे. जेम्सने दावा लावला, प्रकरण मिटलं, आणि गीतकारांत त्याचं नाव घालावं लागलं. म्हणून पुरस्कार जेम्सलाही मिळाला. रिक जेम्सला आयुष्यात मिळालेली ती एकमेव ग्रॅमी. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरलात तर त्याला नाव आणि वाटा द्या, हे अजून रुळायचं होतं. न्यायालयाने विनापरवाना तुकडा वापरणं म्हणजे चोरी असं खडसावून सांगितलं ते डिसेंबर १९९१ मध्ये, बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात. तोवर हॅमरच्या गाण्यातून जेम्सच्या घरी पैसे जायला लागले होते. जुन्या फंक वादकांना हे असं दुसरं आयुष्य मिळालं, ही मला त्या काळातली फार चांगली गोष्ट वाटते.

मग जाहिराती आल्या. पेप्सी, केएफसी, त्याच्या चेहऱ्याची बाहुली, शनिवारी सकाळी मुलांसाठी 'हॅमरमॅन' नावाची कार्टून मालिका. आणि रॅपच्या जगातून शिव्याही आल्या. एलएल कूल जे हा रॅपर, थर्ड बेस हा गट यांनी गाण्यांतून त्याची टर उडवली. विकला गेला, पोरासोरांचा झाला, शब्दांत दम नाही. यातला शेवटचा आरोप मला बराचसा मान्य आहे. कागदावर लिहून वाचलं तर हॅमरचं काव्य रकीम किंवा चक डी अशा शब्दांसाठी नावाजलेल्या रॅपरांच्या शेजारी उभं राहत नाही. पण त्याला कागदावर वाचायचंच कशाला? आइस-टी हा रांगड्या, हिंसक रॅपचा माणूस. त्याने १९९१ च्या आपल्या अल्बमवर हॅमरची उघड बाजू घेतली. शून्यातून धंदा उभा करणं म्हणजे काय असतं हे त्याला ठाऊक होतं.

१९९२ च्या अखेरीस रॅपर डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' हा अल्बम आला आणि हवा पालटली. आता रॅपर संथ झाला, जागेवर उभा राहून, डोळे अर्धे मिटून बोलायला लागला. पुरुषाने नाचणं म्हणजे हलकेपणा, अशी एक समजूत पसरली. ज्या रॅपर तुपाक शकूरला त्या नव्या युगाचा चेहरा मानतात, तो ओकलंडच्याच 'डिजिटल अंडरग्राउंड' या गटामध्ये सामान उचलणारा आणि मागे नाचणारा म्हणून आला होता, याचीही कुणाला आठवण राहिली नाही. हॅमरनेही १९९४ मध्ये 'द फंकी हेडहंटर'मधून कठोर चेहरा करून पाहिला. ते त्याला शोभलं नाही. लोकांना ते खोटं वाटलं, आणि ते होतंही थोडं खोटं.

एप्रिल १९९६ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. यात उधळपट्टी होतीच, ती मी झाकणार नाही. फ्रीमाँटच्या टेकडीवरचा संगमरवरी महाल, शर्यतीचे घोडे. त्यातल्या 'लाइट लाइट' या घोडीने १९९१ ची केंटकी ओक्स ही मोठी शर्यत जिंकलीही. पण पैसा गेला कुठे याचा विचार करताना एक गोष्ट नेहमी सुटते. भर यशात त्याच्या पगारपत्रकावर सुमारे दोनशे माणसं होती असं सांगितलं जातं, आणि त्यातली पुष्कळ त्याच्या ओकलंडची. कितीकांना दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. आणि त्याच्या कलेचा आकारच माणसांनी बनलेला होता. एरवी रॅपरला माइक आणि मागे एक डीजे पुरतो. हॅमरच्या मंचावर नर्तक, गायिका, वादक यांची फौज असायची, आणि त्या फौजेला रोज तासन्‌तास तालमी. तालमीतल्या माणसाला जेवायला लागतं, राहायला लागतं, दौरा नसेल त्या महिन्यातही लागतं. तमाशाचा फड चालवणाऱ्यांना विचारा, हा खर्च म्हणजे काय ते सांगतील. नाचाचा कारखाना काढला की तो रोज पैसे खातो, आणि रेकॉर्डचा खप कमी झाला तरी खायचा थांबत नाही. त्याच्या दिवाळ्याकडे मी निव्वळ मूर्खपणा म्हणून पाहू शकत नाही.

त्याच्यानंतर काय घडलं ते पाहू. जाहिराती, खेळणी, कार्टून यासाठी त्याला 'विकला गेला' म्हणणाऱ्या त्याच रॅपच्या जगात दहा वर्षांत प्रत्येक मोठा रॅपर बूट विकायला लागला, कपड्यांच्या कंपन्या काढायला लागला. त्यांना उद्योजक म्हटलं गेलं. हॅमरची माफी मात्र फारशी कुणी मागितली नाही.

नाच दुसरीकडे वाढत होता. कोरियात १९९२ मध्ये 'सो तैजी अँड बॉइज' या तिघांनी रॅप आणि नाच एकत्र आणला आणि तिथलं तरुणांचं संगीतच बदललं. आज के-पॉपमध्ये रॅप म्हणणाऱ्याला नाचता येणं हे गृहीतच आहे, आणि तालमीची ती फौजही आहे. फरक एवढाच की खर्च कंपनी करते. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्‌सच्या मंचावर कोरियाचा साय 'गंगनम स्टाइल' करत होता. मध्येच हॅमर आला आणि त्याच्या 'टू लेजिट टू क्विट'च्या ठेक्यावर दोघे मिळून नाचले. हॅमर तेव्हा पन्नाशीचा होता आणि पावलं चोख पडत होती.

आपल्याकडे हे सगळं आलं १९९१ नंतर, स्टार टीव्हीबरोबर घराघरांत शिरलेल्या एमटीव्हीतून. बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चं. ते ज्या व्हॅनिला आइसच्या गाण्यावर बेतलं होतं, तो आइस हॅमरच्याच दौऱ्यात आधी मंच तापवायला उभा राहायचा, आणि नोव्हेंबर १९९० मध्ये त्यानेच हॅमरला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं. पण शब्दांपेक्षा नाच आपल्याकडे जास्त खोल रुजला. वसई-नालासोपाऱ्याच्या चाळींतून, गच्च्यांवरून, रेल्वेच्या गर्दीतून आलेल्या 'द किंग्ज' या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा आणि १० लाख डॉलर जिंकले. ब्रेकिंग, म्हणजे त्या बी-बॉयांचा नाच, तर २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ होऊन गेलं. या पोरांनी हॅमरकडून थेट काही घेतलं असं मी म्हणत नाही. पण हिप-हॉपचा नाच जगातल्या कोट्यवधी घरांत टीव्हीवरून पहिल्यांदा पोचवणाऱ्यांत तो आघाडीवर होता, यात शंका नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी त्याच्या दिवाळ्याच्या कहाणीत कधीच येत नाही. २००७ साली हॅमरने सिलिकॉन व्हॅलीत भागीदारांबरोबर 'डान्सजॅम' नावाची वेबसाइट काढली. आपल्या घरात नाचायचं, त्याचा छोटा व्हिडिओ चढवायचा, दुसऱ्याला आव्हान द्यायचं, लोकांनी मत देऊन जिंकवायचं. यूट्यूब तेव्हा दोन वर्षांचं होतं. टिकटॉक यायला जवळपास दहा वर्षं होती. साइट फार टिकली नाही. पण पार्किंगमध्ये नाचणाऱ्या पोराला आता स्टेडियमच्या मालकाची गरज लागू नये, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं आणि त्यासाठी त्याने स्वतःची कंपनी उभी केली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी 'यू कान्ट टच धिस'च्या व्हिडिओतला दीड मिनिटाचा तुकडा पडद्यावर लावतो. आवाज बंद ठेवतोय, फक्त त्याच्या डाव्या पायाकडे बघा.